एका सातबाऱ्यावर तीन रानं

वाळवा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. मिस्टर पिंपरी-चिंचवडला कंपनीत. घरी सासू-सासरे, दोन मुलं, दोन म्हशी आणि साडेतीन एकर रान. बारा-तेरा वर्षं शेती त्याच बघतात. एकरी साठ टनांच्या खाली न येणारा ऊस चाळीसवर आलाय, खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस) तीसवर. ओढ्याकडेचे वीस गुंठे पांढरे पडलेत, वरच्या अंगाचा पाऊण एकर मुरमाड आहे आणि मधल्या काळ्या रानात नांगरटीनंतर ढेकळं फुटता फुटत नाहीत. मिस्टरांनी मोबाईलवर बायोचारचे, म्हणजे रानात घालायच्या कोळशाचे, व्हिडिओ बघितले. एक विक्रेता किलोला 25 रुपये दर लावून एकरी दोन टन टाका म्हणतो. साडेतीन एकरांना सात टन, म्हणजे पावणेदोन लाख. मिस्टर कर्ज काढायला तयार आहेत. सासऱ्यांचं म्हणणं, कोळसा चुलीत घालतात, रानाला शेणखतच लागतं. चार ट्रॉल्या विकत आणा. ताई लिहितात, "दोघंही हट्टाला पेटलेत. निर्णय त्यांचा, राबणं माझं. जमीन मेलीय एवढं मला कळतं. बायोचार की शेणखत, एकच काय ते सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल." शेवटी जाता जाता एक ओळ आहे: खोडवा फेब्रुवारीत तुटून जाईल, पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवून रान मोकळं करू आणि पावसाळ्यात आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण घेऊ.

ताई,

एकच काय ते सांगा म्हणता, पण तुमच्या पत्रात रानं तीन आहेत. ओढ्याकडेचे वीस गुंठे, मधलं काळं आणि वरचा मुरूम, प्रत्येकाचं दुखणं निराळं. मिस्टर तिन्हींना एकच औषध द्यायला निघालेत, आणि सासरेही तेच करताहेत. औषधाचं नाव तेवढं वेगळं. कुठल्या तुकड्याला नेमकं काय झालंय, हे घरात अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. ते कळल्याशिवाय दोघांपैकी कुणाच्याही बाजूने मी कौल देणार नाही.

"जमीन मेली" हेही मला पटत नाही. मेलेल्या रानात चाळीस टन ऊस येत नसतो. मधल्या काळ्या रानाचं म्हणाल, तर लागण-खोडवा-खोडवा-पुन्हा लागण, मध्ये बेवड (पालटाचं दुसरं पीक) नाही, पाट भरून पाणी, ओल्यात ट्रॅक्टर आणि दरवर्षी पाचटाला काडी, एवढं झालं की कुठल्याही रानाची ढेकळं फुटेनाशी होतात. मातीतला सेंद्रिय कर्ब संपत आला की कण एकमेकांना धरून ठेवणारं काही उरत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर आपल्याकडे तो 'कमी' धरतात. तुमचा तसाच निघेल असा माझा कयास आहे, पण कयासावर पावणेदोन लाख घालू नयेत.

आधी पांढऱ्या वीस गुंठ्यांचं बोलू, कारण पैसे बुडायची भीती तिथेच जास्त. कृष्णाकाठाला, वाळवा-पलूस-मिरजेच्या पट्ट्यात, हे दुखणं जुनं आहे. कालव्याचं आणि उपशाचं पाणी आलं, बारमाही ऊस आला, पण भारी काळ्या रानातून जादा पाणी बाहेर पडायला वाट कुणी केली नाही. जमिनीतल्या पाण्याची पातळी वर येते, ऊन पाणी उडवून नेतं आणि क्षार वर बसतात. तुमचा तुकडा सखल, ओढ्याला लागून. म्हणजे वरच्या सगळ्यांच्या रानांचा पाझर तिथेच. अशा ठिकाणी बायोचार घाला नाहीतर शेणखत, पाण्याला वाट मिळेपर्यंत क्षार हलायचे नाहीत. त्यात बायोचार स्वतः बहुतेक वेळा अल्कधर्मी असतो, सामू (पीएच) 8 ते 10 च्या घरात. क्षारपड रानात त्याचे चांगले निकालही आलेत आणि काहीच फरक न पडल्याचेही. या तुकड्यासाठी विक्रेत्याला एक रुपयाही देऊ नका.

त्याऐवजी सासऱ्यांना विचारा, पहिल्यांदा पांढरं कुठं दिसलं आणि कोणत्या वर्षी, ओढ्याला पूर्वी चर होता का, तो कुणी बुजवला. हे त्यांनाच माहीत असणार. उघडा चर काढून पाणी ओढ्यात सोडता येतंय का ते या उन्हाळ्यातच बघा. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं हा पक्का उपाय, पण तो वीस गुंठ्यांपुरता एकट्याने परवडत नाही. शेजारचे चार-सहा जण मिळून करायचं काम आहे. साखर कारखान्याचा ऊसविकास विभाग आणि तालुका कृषी कार्यालय दोन्हीकडे चौकशी करा. डिग्रजचं कृषी संशोधन केंद्रही तुम्हाला लांब नाही. तोवर तिथे धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक करा, त्याला पाणथळ आणि खारी जमीन सोसते. ऊसच लावायचा असेल तर फुले 265 ही क्षार सोसणारी जात लावा.

जिप्समच्या गोण्या घ्यायची घाईसुद्धा नको. वर पांढरा थर दिसतो ती क्षारयुक्त जमीन. ओलीत निसरडी, वाळली की टणक, पाणी साचून राहतं ती चोपण. जिप्सम लागतो चोपणाला, कारण त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकतं. आणि हुसकलेला सोडियम वाहून न्यायला पुन्हा निचरा लागतोच. घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या, त्यात वाळलेलं छोटं ढेकूळ अलगद सोडा, हलवू नका. दोन-तीन तासांत ढेकळाभोवती दुधट गढूळपणा पसरला तर चोपणाची शंका घ्यावी. पाणी नितळच राहिलं आणि ढेकूळ नुसतं खाली पडलं, तर बहुधा तसं नसावं. पक्का निकाल प्रयोगशाळेचाच.

आता बायोचार. लाकूडफाटा, काड्या, बुरकुंडं कमी हवेत, साधारण 350 ते 700 अंश सेल्सिअसला जाळली की राख न होता कोळसा उरतो, तो हा. त्यातला कर्ब मातीत लवकर कुजत नाही, पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. शेणखताचा मोठा भाग मात्र आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत संपतो. तेव्हा "एकदा घाला, कायमचं राहील" असं व्हिडिओत म्हणत असतील तर ते खोटं नाही. पण टिकतो म्हणजे पोसतो, असं नाही. बायोचारमध्ये पिकाला खायला फारसं काही नसतं, त्याला भोकं असतात. त्या भोकांत पाणी राहतं, अन्नद्रव्यं धरली जातात, जिवाणू वस्ती करतात. नवा माठ पहिल्या दिवशी पाणी स्वतःच पितो, तसा कोरडा, कोरा बायोचार रानात टाकला तर तो तुमच्याच युरियातला नत्र आधी स्वतः धरून बसतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडू शकतं. म्हणून तो आधी शेणात, मुतात, स्लरीत मुरवायचा असतो. शेणखताशिवाय बायोचार अर्धवट आहे; सासऱ्यांना हे वाक्य वाचून दाखवलंत तर माझी हरकत नाही.

मिस्टरांच्या व्हिडिओत अॅमेझॉनच्या जंगलातली काळी माती नक्की आली असेल, तेरा प्रेता म्हणतात तिला. ती खरीच आहे, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या, काही ठिकाणी दोन हजारांहून जास्त वर्षं जुन्या वस्त्यांची आहे. मात्र तिथे कोळसा एकटा पडला नव्हता. त्याच्यासोबत हाडं, माशांचे काटे, खरकटं, विष्ठा, खापरं सगळं होतं, आणि हे थर पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले. शिवाय तिथली मूळ माती आम्लधर्मी, पावसाने धुतलेली. अल्कधर्मी कोळशाने तिचा आंबटपणा कमी झाला हा मोठा फायदा. आपल्याकडे तसली लाल माती महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरात सापडेल. वाळव्याच्या काळ्या, चुनखडीच्या रानाला हा फायदा मिळायचा नाही. भारी काळी माती पाणी आधीच भरपूर धरते. तिला हवा आणि निचरा हवा असतो.

तुमच्या साडेतीन एकरांत बायोचार सगळ्यात उपयोगी पडेल तो वरच्या मुरमाड पाऊण एकरात. पाणी दिलं की खाली, खत दिलं की खाली, ही तिथली तक्रार असणार. तिथे भोकाभोकांचा कोळसा आणि कुजलेलं शेणखत एकत्र गेलं तर पाण्याची पाळी लांबवता येते का, हे बघण्यासारखं आहे. आटपाडी-जत किंवा माण-खटावकडच्या हलक्या रानांच्या वाचकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सासऱ्यांच्या बाजूने बोलायचं तर शेणखताचा आग्रह अगदी रास्त आहे, हिशेब मात्र तोकडा. आडसाली उसाला हेक्टरी 30 टन, म्हणजे एकरी 12 टन शेणखताची शिफारस आहे. ट्रॉली तीन टनांची धरली तर चार ट्रॉल्या एका एकराला पुरतात, साडेतीन एकरांना नाही. आणि विकतची ट्रॉली बघून घ्या: हात घातल्यावर गरम लागतंय, शेणाचा वास येतोय, गवताच्या काड्या तशाच दिसताहेत, तर ते खत नाही, नुसतं शेण आहे. त्यातून तण येतं, आणि मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्याही. वाळव्याच्या ऊसकऱ्याला हुमणी काय करते ते मी सांगायला नको. पूर्वी उकिरडा वर्षभर मुरायचा, आता गोठ्यातून थेट ट्रॉलीत. सासरे ज्या शेणखताची आठवण काढताहेत ते बाजारात मिळतंच असं नाही.

इथेच दोघांचं जमू शकतं. तुमच्या दोन म्हशींचं शेण रोज 25-30 किलो धरलं तरी वर्षाला नऊ-दहा टन ओलं शेण होतं, कुजून त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्या उकिरड्यात कोळशाचा चुरा मिसळा. पाच ते दहा पाट्या शेणाला एक पाटी चुरा, ज्वारी ते हरभऱ्याच्या दाण्याएवढा. ओल टिकवा, महिन्याने एकदा फिरवा, दोन-तीन महिने जाऊ द्या. अमोनियाचा वास कमी येतो, म्हणजेच हवेत उडून जाणारा नत्र खतात राहतो. थोडा चुरा गोठ्यात म्हशींच्या मागे पसरला तर वाया जाणारं मूतही त्यात मुरतं. गोबरगॅस असेल तर त्याची स्लरी यासाठी फार उत्तम.

कोळसा विकतच घ्यायला हवा असंही नाही. साधारण चार फूट रुंद, तीन फूट खोल, तळाशी निमुळता खड्डा काढा. काड्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या की धूरच धूर. तळाशी थोडा जाळ करून तो वरून पेटता ठेवायचा आणि थराथराने काड्या घालत जायच्या. निखाऱ्यांवर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर. वरचा जाळ खालच्या थराची हवा तोडतो, म्हणून खाली राख न होता कोळसा राहतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतून विझवा, शेणकाला ओतला तर आणखी चांगलं. नुसती माती टाकून भागत नाही, आत धग राहते आणि सकाळी राख हाती लागते. वारं नसताना, सकाळच्या वेळी, उसापासून आणि वैरणीच्या गंजीपासून लांब, पाण्याचा बॅरल भरून ठेवून, आणि एकटीने नाही. चुरा करताना तो ओला ठेवा, नाकाला रुमाल बांधा. शंभर किलो वाळलेल्या काड्यांतून 25-30 किलो कोळसा निघतो.

काड्या कशाच्या? तुरीच्या तुराट्या, मक्याची बुरकुंडं, ओढ्याकाठची वेडी बाभूळ. तासगावकडे कुणी पाहुणे असतील तर द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या. बांधावरची चांगली झाडं यासाठी तोडू नका, हे लिहावं लागतं कारण लोक तोडतात. रंगवलेलं लाकूड, प्लायवुड, प्लास्टिक नको. आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणाची किंवा बॉयलरची राख कुणी 'बायोचारच आहे' म्हणून फुकट द्यायला आलं तर घेऊ नका. राखेत क्षार असतात. तुमच्या खालच्या तुकड्यात ती गेली तर पांढऱ्यात आणखी पांढरं.

आता तुमच्या पत्राची ती शेवटची ओळ. पाचट पेटवून रान मोकळं करणार आहात. उसाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा पाचट निघतं. तीस टनांच्या खोडव्याला एकरी तीन टन, पांढरा तुकडा सोडला तरी सगळं मिळून आठ-नऊ टन. म्हणजे फेब्रुवारीत आठ-नऊ टन सेंद्रिय माल काडी लावून उडवायचा आणि जूनमध्ये कर्ज काढून सात टन कर्ब विकत आणायचा. एवढं एकच थांबवलंत तरी हे पत्र लिहिल्याचं सार्थक होईल. पाचटाचा कोळसाही करत बसू नका. ते भुरकन जळतं, कोळशापेक्षा राखच जास्त. काळ्या रानाला ते कुजवूनच हवंय. खोडवा तुटला की कुट्टी यंत्र फिरवा, एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका, एक पाणी द्या. (हेक्टरी 80, 100 आणि 10 किलो या शिफारशीवरून हे आकडे काढलेत.) मग वाफशावर नांगरट. मेच्या अखेरीला ताग किंवा धैंचा पेरा, 45-50 दिवसांनी फुलावर येताना गाडा आणि लागण ऑगस्टमध्ये घ्या. पुढच्या फेरीला मध्ये सोयाबीन-हरभऱ्याचं बेवड बसवता येतंय का बघा. साखर कारखान्याच्या नोंदीची आणि हप्त्याची अडचण मला माहीत आहे, पण निदान मधल्या रानाच्या अर्ध्या भागात तरी.

मिस्टरांचा उत्साह मोडू नका. शहरात बसून रानाची काळजी करणारा नवरा सगळ्यांना मिळत नाही. त्यांना पावणेदोन लाखांऐवजी अडीच हजारांचा प्रयोग द्या. मुरमाड तुकड्यात गुंठ्या-गुंठ्याचे तीन पट्टे आखा. पहिल्यात नेहमीची खतं, दुसऱ्यात तीच खतं आणि 300 किलो कुजलेलं शेणखत, तिसऱ्यात ती खतं, तेवढंच शेणखत आणि त्यात मुरवलेला 50 किलो बायोचार. असेच तीन पट्टे काळ्यात. एकरी दोन टनांचंच हे प्रमाण आहे. सगळा मिळून शंभर किलो कोळसा लागेल. विकत आणला तर अडीच हजार, घरी केला तर साडेतीनशे-चारशे किलो वाळल्या काड्या. विकतचा आणलात तर आधी कुंडीत मेथी पेरून बघा, एका कुंडीत नुसती माती, दुसरीत दहावा हिस्सा तो चुरा. मेथी नीट उगवली नाही, किंवा चुऱ्याला डांबरासारखा वास येत असेल, बोटांना तेलकट लागत असेल, तर परत करा. खात्रीशीर उत्पन्नवाढीची भाषा करणाऱ्याला किंवा कार्बन क्रेडिटच्या कागदावर सही मागणाऱ्याला तूर्त चहा पाजून पाठवा.

नोंदी तुम्हीच ठेवा. पाणी दिल्यावर कोणता पट्टा किती दिवसांनी सुकायला लागला, चार महिन्यांनी दहा फुटांत किती फुटवे, तोडणीला दहा उसांचं वजन किती, कुदळीच्या एका घावात गांडुळं दिसली का. पहिल्या वर्षी फरक दिसलाच पाहिजे असं धरू नका. कोळशाच्या बाबतीत दुसरं-तिसरं वर्ष जास्त बोलकं असतं. "निर्णय त्यांचा, राबणं माझं" असं तुम्ही लिहिलंत. तेरा वर्षं त्या रानात वाकणाऱ्या बाईला त्या तीन तुकड्यांतला फरक न बघता सांगता येतो, तुमच्या पत्रातच तो आलाय. घरातल्या दोघांच्याही बोलण्यात मात्र नाही. वहीत आकडे असले की पुढच्या वर्षी बोलणी तुमच्यापासून सुरू होतील. सासऱ्यांना उकिरड्याचं काम द्या, ते त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला येणार?

खोडवा तुटला की, कुट्टी आणि खतं टाकायच्या आधी, माती काढा. तीन तुकड्यांच्या तीन वेगळ्या पिशव्या, एकत्र नाही. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या, उसासाठी फूटभर खोल, आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची नको. सावलीत वाळवून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो ठेवा. सोबत विहिरीच्या पाण्याची बाटली द्या. रान पांढरं पडतंय तिथे पाणी तपासायचं राहून जातं. कागद हाती आला की सामू, विद्युत वाहकता (क्षार किती ते यावरून कळतं) आणि सेंद्रिय कर्ब हे तीन आकडे तिन्ही तुकड्यांचे मला कळवा. खालच्या तुकड्याचा सामू साडेआठच्या वर निघाला तर प्रयोगशाळेला विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियमही काढायला सांगा; तो 15 टक्क्यांच्या वर असेल तर जिप्सम किती, आणि चर झाल्यावर कधी टाकायचा, याचा हिशेब आपण पुढच्या पत्रात करू.